शब्द, चाल, रेकॉर्डिंग: कॉपीराइटचे अर्ज नेमके किती?

रियाज_पुणे: एका गाण्याची नोंदणी करायची आहे. शब्द मैत्रिणीचे, चाल माझी, गायलंय तिसऱ्यानं. कर्वे रोडवर ताशी भाड्यानं स्टुडिओ घेऊन रेकॉर्ड केलं, पैसे मी भरले. गेल्या महिन्यात यूट्यूबवर टाकलं. फॉर्म एकच भरायचा का? दिल्लीला जावं लागतं का? अंतऱ्यात तुकोबांच्या दोन ओळी आहेत, त्यांचं काय?

सोळामात्रा: अर्ज तीन. शब्द साहित्यकृतीत मोडतात, फी ५०० रुपये. चाल संगीतकृतीत, ५००. ध्वनिमुद्रणाचे २०००. एकूण ३०००. तिन्हींना फॉर्म १४, सगळं ऑनलाइन. दिल्लीला जायची गरज नाही.

बहुतेकजण चुकतात ते चालीच्या अर्जात. कायद्यातल्या 'संगीतकृती'च्या व्याख्येत शब्द येतच नाहीत. आपल्याला भातखंडे पद्धतीत स्वरांखाली बोल लिहायची सवय. इथे बोल गाळून फक्त स्वर, मात्रा, सम-खाली लिहा आणि पानावर सही करा. शब्दांच्या अर्जाला नुसता मजकूर जोडा.

ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. नुसतं भाडं घेणारा स्टुडिओ निर्माता होत नाही. तरी बिलावर तसं लिहून घ्याच.

कागदपत्रं_आधी: यूट्यूबवर टाकलं म्हणजे कायद्यानं गाणं प्रकाशित झालं. फॉर्मवर 'अप्रकाशित' लिहू नका. पहिल्या प्रकाशनाची तारीख आणि देश द्या. ध्वनिमुद्रणाच्या अर्जाला मैत्रिणीचं सही केलेलं ना-हरकत पत्र जोडा, नाहीतर कॉपीराइट कार्यालयाकडून त्रुटीचं पत्र ठरलेलं. गायकाचा हक्क वेगळा (कलम ३८), त्याचीही लेखी संमती घेऊन ठेवा. डायरी नंबर (अर्जाचा क्रमांक) मिळाल्यावर ३० दिवस हरकतींसाठी थांबतात, छाननी त्यानंतर. ईमेल रोज बघा, उत्तराची मुदत चुकली की अर्ज अडकतो.

सोळामात्रा: तुकोबांच्या ओळी कुणाच्याच मालकीच्या नाहीत, खुशाल गा. पण शब्दांच्या अर्जात त्या मैत्रिणीच्या नावावर जाता कामा नयेत. 'पारंपरिक' अशी नोंद करून तिच्याच ओळींवर हक्क सांगा. अभंगाला दिलेली नवी चाल मात्र तुमची. रागावर कुणाचाच हक्क नसतो.

कागदपत्रं_आधी: स्वतःलाच रजिस्टर पोस्टानं सीलबंद पाकीट पाठवायचा सल्ला अजून फिरतोय. त्याला कायद्यात काहीही स्थान नाही. हक्क कृती निर्माण होताच मिळतो, नोंदणी ऐच्छिक आहे. पण कलम ४८ प्रमाणे नोंदवहीतला उतारा कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरतात. कलम ६२ मुळे दावाही पुण्यातच, शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात लावता येतो.

एखाद्या कंपनीला हक्क देणार असाल तर करारात मुदत आणि प्रदेश लिहा. मुदत नसेल तर ५ वर्षं, प्रदेश नसेल तर भारत, असं कायदा धरतो. ऑडिओ कंपनीनं "सगळी रॉयल्टी सोडतो" असं कलम पुढे केलं तर सही करू नका. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कवी-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी (त्यांच्या वतीनं रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सोडून कुणाच्याही नावावर करता येत नाही.