कॅनडाच्या हिवाळ्यात, उणे दहात दोन-तीन वर्षांच्या मुलांना रोज बाहेर न्यावं का?

मिसिसागाची आई:
नोव्हेंबर लागला की आमच्या ओळखीतली बरीच मराठी घरं दारं लावून घेतात, ती थेट एप्रिलात उघडतात. शाळेत जाणारी मुलं निदान मधल्या सुट्टीत मैदानावर जातात, इथे उणे दहालाही सुट्टी बाहेरच होते. पण घरी आजी-आजोबांजवळ असलेली लहान पोरं पाच महिने मॉल, बेसमेंट आणि टॅब एवढ्यातच वाढतात. मला हे पटत नाही. वीस मिनिटं का होईना, रोज बाहेर पडलंच पाहिजे आणि आईबाबांनीही खेळलं पाहिजे. कडेला उभं राहून फोन बघणं म्हणजे मुलांना खेळवणं नव्हे.

सर्दी थंडीनं होत नाही, विषाणूंमुळे होते आणि ते बंद खोलीत जास्त पसरतात. प्रश्न कपड्यांचा आहे. आत सुती काही नको, ते घाम धरून ठेवतं आणि अंग गार पडतं. अंगालगत लोकर किंवा पॉलिएस्टर, वर फ्लीस म्हणजे मऊ उबदार कापड, सगळ्यावर वारा-पाणी न शिरणारा स्नोसूट. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा मिटन बरे, त्यात अंगठा सोडून बाकी बोटं एकत्र राहतात आणि एकमेकांना ऊब देतात. मफलर नको, कुठे अडकला तर गळ्याला फास बसतो. त्याऐवजी नेक वॉर्मर घाला.

आणि खेळ म्हणजे काही मोठं नसतं. उणे पंधराचा भुसभुशीत बर्फ कोरड्या रव्यासारखा बोटांतून सांडतो, त्याचा गोळा होत नाही. शनिवारी पारा शून्याच्या आसपास होता, बर्फ चिकट होता. लेकीनं बाबाचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत पुरले, वरून फावड्यानं थापटून घट्ट केले आणि ‘आता हलायचं नाही’ म्हणून दम दिला. बाबा हलला की पुन्हा पहिल्यापासून.

चिंचवडची आजी:
मी सध्या मुलाकडे ब्रॅम्प्टनला आले आहे. तू ‘आईबाबांनी खेळलं पाहिजे’ म्हणतेस, पण दिवसभर घरात मी आणि नातूच असतो. मुलगा-सून सहाला येतात, डिसेंबरात पावणेपाचलाच अंधार होतो. माझा पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं तर पोराला कोण बघणार? आपल्याकडे थंडीत कानटोपी बांधून पोराला कोवळ्या उन्हात बसवतात, ते ऊन अंगाला लागतं. इथलं ऊन नुसतं दिसतं.

मिसिसागाची आई:
आजी, पडायची भीती अगदी रास्त आहे. बुटांवर चढवायचे काटेरी पट्टे मिळतात, मुलाला आणायला सांगा. तरीही एकटीनं नातवाला घेऊन उतरू नका, हे काम आईबाबांचंच आहे. उन्हाचंही तुमचं खरं आहे. या अक्षांशावर भर हिवाळ्यात उन्हातून ड जीवनसत्त्व जवळजवळ तयारच होत नाही, त्याचे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्यानं चालू ठेवावे लागतात. मी बाहेर जा म्हणते ते उन्हासाठी नाही. पळणं, पडणं, फावड्यानं ओझं उचलणं हे बेसमेंटमध्ये होत नाही.

दम्याच्या मुलाचा बाबा:
पूर्ण असहमत. ‘सर्दी थंडीनं होत नाही’ हे अर्धंच सत्य आहे. थंड, कोरड्या हवेनं श्वासनलिका आकसतात. माझ्या मुलाला उणे बारात पाच मिनिटं पळू दिलं की छातीतून शिट्टी येते. दुसरं म्हणजे विंड चिल, वाऱ्यामुळे प्रत्यक्ष जाणवणारी थंडी. तो उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, असं इथलं हवामान खातं सांगतं. दोन वर्षांचं मूल ‘बोटं बधिर झाली’ म्हणून सांगत नाही, ते नुसतं रडतं किंवा गप्प होतं. गप्प झालं तर जास्त भीती.

नॉर्वे-स्वीडनमध्ये तान्ही बाळं बाहेर झोपवतात, हे आम्हाला सारखं ऐकवलं जातं. तिथे आईबापांना मिळून जवळपास वर्षभर पगारी रजा असते. इथे शिफ्ट करून, बस बदलून घरी येणाऱ्या आईला ‘रोज’ म्हणून सांगणं अन्याय आहे. तिचं मूल घरात राहिलं म्हणून ती कमी पडत नाही.

कॅलगरीकर:
दम्याबद्दल पूर्ण सहमत, तिथे डॉक्टर सांगतील तेच. बाकीच्यांसाठी एक: आधी स्वतः बूट-जॅकेट घालून तयार व्हा, मूल शेवटी. आम्ही उलटं करणारी घरं पाहिली आहेत, मूल दारातच घामाघूम होऊन किंचाळतं आणि मग ‘त्याला थंडी आवडत नाही’ असं ठरतं. आणि तो जाड स्नोसूट कारसीटमध्ये नको. त्याच्यावर पट्टा आवळला तरी अपघातात तो दबतो आणि पट्टा सैल पडतो. गाडीत पातळ फ्लीस, पट्ट्यावरून पांघरूण.

स्कार्बरोचा काका:
बर्फाच्या उतारावरून घसरायच्या गाडीचं, घसरगाडीचं, कुणी बोललं नाही. टोरांटो महापालिकेनं जानेवारी २०२४ मध्ये ४५ टेकड्यांवर घसरायला मनाई करणारे फलक लावले. लोक फार चिडले, मी महापालिकेच्या बाजूनं आहे. उतार संपतो तिथे झाड किंवा रस्ता असेल तर चार वर्षांच्या पोराला गाडी थांबवता येत नाही.

मिसिसागाची आई:
काका, मनाई नसलेल्या टेकड्याही आहेत ना! खाली मोकळी सपाट जागा, डोक्यावर हेल्मेट, पाय पुढे, लहानग्यासोबत मोठं माणूस, एवढं पाळलं तर मुलांना त्या आनंदापासून का तोडायचं? धोका दिसला की आपण मराठी पालक लगेच घरात बसण्याचा निर्णय घेतो, मला राग त्याचा आहे.

ओटावाहून:
बर्फ आहे तोवर खेळून घ्या, असं मी म्हणेन. आमच्या रीडो कालव्यावर ७.८ किलोमीटरची स्केटिंगची वाट असते. २०२३ च्या हिवाळ्यात ती उघडलीच नाही, सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच, कारण बर्फ पुरेसा जाड झाला नाही. आम्ही त्या वर्षी धाकट्याला पहिल्यांदा नेणार होतो. मात्र शेजारच्या तळ्यावर ‘गोठलेलं दिसतंय’ म्हणून पोरं उतरवू नका. बर्फाची जाडी मोजून परवानगी दिली असेल तिथेच जा.

दम्याच्या मुलाचा बाबा:
शनिवार-रविवार, वारा पडलेला असताना, उणे दहाच्या वर, इतकं मला मान्य. त्यात मीही बर्फात बसेन. ‘रोज’ मात्र मान्य नाही.

मिसिसागाची आई:
तुमच्या मुलासाठी उणे दहाची रेघ योग्यच आहे. ज्यांची मुलं ठणठणीत आहेत आणि आईबाप चारला घरी असतात, त्यांना मी रोजच सांगणार. आजी, मुलाला माझा प्रतिसाद दाखवा. शनिवारी सकाळी त्यानं नातवाला घेऊन उतरावं, तुम्ही आत चहा ठेवा.

चिंचवडची आजी:
दाखवते. पण चहा मी नाही ठेवणार. पट्टे आण म्हणून सांगितलंय, मीही उतरणार आहे.