मदत हवी आहे: ईटीडब्ल्यूमध्ये लॉगचा पूर येतोय आणि नेमका हवा तो संदेशच गायब

कळफलक
सर्व्हिसचे लॉग फाईलऐवजी ईटीडब्ल्यूकडे, म्हणजे विंडोजच्या इव्हेंट टिपणाऱ्या यंत्रणेकडे, वळवलेत. लॉगमॅन या विंडोजच्या आज्ञेने सेशन (नोंदणीचं सत्र) चालू केलं की नोंदींची ईटीएल फाईल बनते, पण दोन मिनिटांत फुगते. आत आमचे संदेश थोडे, फ्रेमवर्कची बडबडच जास्त. वर प्रत्येक ओळ तीन-तीनदा. आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप केला ते बिलिंगच्या विनंत्यांचे संदेश मुळीच नाहीत. कन्सोलवर दिसतात, म्हणजे कोड बरोबर आहे. काय चुकतंय? आजच संपवायचं आहे.

ओसरी
भाषा कोणती, लॉगिंगची लायब्ररी कोणती, सेशन कोणत्या आज्ञेने चालू केलं? ही तीन उत्तरं आल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आज्ञा जशीच्या तशी द्या.

बिनतारी
इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजचं लॉग पाहायचं साधन) अ‍ॅनालिटिक आणि डीबग चॅनल मुळात लपलेले असतात. व्ह्यू मेनूत जाऊन 'शो अ‍ॅनालिटिक अँड डीबग लॉग्ज' निवडा, मग त्या चॅनलवर उजवी क्लिक करून 'एनेबल लॉग'. मॅनिफेस्ट (इव्हेंटांची वर्णनं सांगणारी फाईल) बसवताना रिसोर्स डीएलएल अशा फोल्डरात ठेवा जे लोकल सर्व्हिस खात्याला वाचता येतं. नाहीतर वर्णनाच्या जागी 'डिस्क्रिप्शन सापडत नाही' एवढंच दिसतं.

कळफलक
इव्हेंट व्ह्यूअर वापरतच नाही, मॅनिफेस्टही नाही. ईटीएल हवी आहे. डॉटनेट ८, साधा आयलॉगर (डॉटनेटमध्येच येणारं लॉगिंग). वेगळी लायब्ररी नाही.

ओसरी
आज्ञा अजून दिली नाहीत.

कळफलक
लॉगमॅन स्टार्ट बिलट्रेस, -पी ला मायक्रोसॉफ्ट-एक्स्टेंशन्स-लॉगिंग या प्रोव्हायडरचा (इव्हेंट पुरवणाऱ्या घटकाचा) जीयूआयडी, म्हणजे ओळख-क्रमांक, कीवर्डला (कोणते इव्हेंट हवेत ते सांगणारे बिट) सोळाच्या सोळा एफ, म्हणजे सगळे बिट, लेव्हल (तपशिलाची पातळी) ५, -ओ बिल.ईटीएल -ईटीएस. नेटवर सगळीकडे हेच लिहिलंय.

ओसरी
तीनदाचं कारण तुमच्या आज्ञेतच आहे. या प्रोव्हायडरचे कीवर्ड चार: १ मेटा, २ मेसेज, ४ फॉरमॅटेडमेसेज, ८ जेसनमेसेज. शेवटचे तिन्ही एकाच लॉगचे तीन वेगळे इव्हेंट लिहितात. सगळे बिट उघडलेत, म्हणून तिन्ही येतात. कीवर्ड ०एक्स४ द्या, ओळ एकदाच येईल आणि फाईलही बरीच लहान होईल.

बडबडीचं कारण लेव्हल ५. ती त्या प्रोव्हायडरमधल्या प्रत्येक कॅटेगरीला (बहुधा लॉग लिहिणाऱ्या क्लासचं नाव) लागू होते, आणि लॉगमॅनला कॅटेगरी कळत नाही, त्याला कळतात फक्त लेव्हल आणि बिट. म्हणून कॅटेगरीची चाळणी अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये लावा. लॉगिंगच्या खाली 'इव्हेंटसोर्स' नावाचा भाग, त्यात लॉगलेव्हल, तिथे 'मायक्रोसॉफ्ट' आणि 'सिस्टिम' यांना वॉर्निंग, तुमच्या नेमस्पेसला डीबग. नियम 'इव्हेंटसोर्स' खालीच लिहा. बाहेर लिहिलात तर कन्सोललाही लागेल.

सुकाणू
४ सुचवताना एक गोष्ट सांगायला हवी होती. फॉरमॅटेडमेसेजमध्ये तयार वाक्य येतं, एक्सेप्शन (कोडमधल्या बिघाडाची माहिती) येत नाही. लॉगएररला एक्सेप्शन दिलंत तरी स्टॅक ट्रेस (बिघाडापर्यंतच्या कॉलांची साखळी) ईटीएलमध्ये सापडणार नाही, आणि हे कळेल ते नेमकं बिघाडाच्या दिवशी. एक्सेप्शन हवं असेल तर ०एक्स८. त्यात पॅरामीटर नावासकट आणि एक्सेप्शन जेसनमध्ये येतं.

ओसरी
हे खरं, माझ्याकडून राहिलं. बिलिंगसारख्या कामाला ८ च योग्य.

सुकाणू
आणि लॉगमॅनचा हट्ट कशाला? डॉटनेट-ट्रेस हे साधन वापरा. 'प्रोव्हायडर्स' या पर्यायात नाव, कीवर्ड, लेव्हल, आणि चौथ्या जागी फिल्टरस्पेक्स (कॅटेगरीची चाळणी). तिथे कॅटेगरी आणि लेव्हल अशा जोड्या अर्धविरामाने लिहायच्या, शेवटी तारांकनही चालतं. सर्व्हिस बंद न करता चाळणी बदलता येते.

उत्तररात्र
डॉटनेट-ट्रेस ईटीडब्ल्यू वापरत नाही, इव्हेंटपाईप (डॉटनेटची स्वतःची इव्हेंट-वाहिनी) वापरतो. फाईल नेटट्रेस बनते, ईटीएल नाही. कॉन्टेक्स्ट स्विच, डिस्क, नेटवर्क हे कर्नलचे (विंडोजच्या गाभ्याचे) इव्हेंट त्याच कालरेषेवर पाहायचे असतील तर ते तिथे नाहीत, आणि लॉग ईटीडब्ल्यूकडे वळवण्याचा मोठा फायदा तोच. फिल्टरस्पेक्स ईटीडब्ल्यूवरच हवे असतील तर पर्फव्ह्यू हे साधन ते आर्ग्युमेंट पाठवतं.

माझं म्हणणं असं की मूळ उपाय स्वतःचा इव्हेंटसोर्स (इव्हेंट पाठवणारा डॉटनेटचा क्लास) लिहिणं हा आहे. बिलिंगला एक कीवर्ड-बिट, डेटाबेसला एक, बाहेरच्या कॉलना एक. ६४ पैकी वरचे १६ मायक्रोसॉफ्टसाठी राखीव आहेत, उरलेले ४८ पुरेत. मग लॉगमॅनसकट कुठल्याही साधनाला चाळता येतं. फक्त प्रत्येक इव्हेंटला कीवर्ड द्या: कीवर्ड ० असलेला इव्हेंट कुठल्याही कीवर्ड-चाळणीतून आरपार जातो.

सुकाणू
चालू सर्व्हिसमधले शेकडो लॉग कॉल इव्हेंटसोर्सवर हलवायचे? राइटइव्हेंटला दिलेला क्रमांक अ‍ॅट्रिब्यूटमधल्या क्रमांकाशी जुळला नाही, किंवा आर्ग्युमेंट मागेपुढे झाली, तर एक्सेप्शन येत नाही. इव्हेंट गुपचूप बिघडतो. आज संपवायचंय असं त्यांनी वरच लिहिलंय.

उत्तररात्र
सगळे हलवा असं म्हटलं नाही. बिलिंगचे आठ-दहा हलवा, बाकी आयलॉगरवर राहू द्या.

बिनतारी
लिनक्सवर असतात तर हे जर्नलडीवर (तिथली लॉग-यंत्रणा) सोपं पडलं असतं.

कळफलक
लिनक्स नाही. कीवर्ड ८ केलं, सेटिंगमध्ये इव्हेंटसोर्सचा भाग टाकला. ओळी एकेकदा येतात, बडबड गेली. बिलिंगची विनंती अजूनही नाही!! कॅटेगरी बरोबर आहे, त्याच क्लासमधले 'विनंती सुरू', 'विनंती संपली' हे संदेश येतात, मधलाच येत नाही.

ओसरी
मधल्या संदेशात काय असतं? केवढा असतो?

कळफलक
बाहेरच्या सिस्टिमकडून आलेला पूर्ण एक्सएमएल. ४० हजार अक्षरं तरी असेल.

ओसरी
मग हेच. ईटीडब्ल्यूचा एक इव्हेंट हेडरसकट ६४ केबीच्या वर जाऊ शकत नाही. इव्हेंटसोर्स स्ट्रिंग यूटीएफ-१६ मध्ये लिहितो, एका अक्षराला दोन बाइट. ४० हजार अक्षरं म्हणजे ८० हजार बाइट. शिवाय जेसनमध्ये अवतरणचिन्हांसारखी चिन्हं लांब संकेतांत बदलतात, एक्सएमएलमध्ये ती ढीगभर. इव्हेंट लिहितानाच नाकारला जातो, मूळ सेटिंगमध्ये एक्सेप्शनही येत नाही. कन्सोलला अशी मर्यादा नाही, म्हणून तिथे दिसतो.

खात्री करायची तर त्याच ओळीखाली फक्त एक्सएमएलची लांबी लिहिणारा छोटा संदेश टाका. छोटा आला, मोठा नाही आला, तर कारण आकारच.

उत्तररात्र
सेशनचा बफरही (फाईलमध्ये जाण्याआधी नोंदी साठतात ती मेमरी) बघा. लॉगमॅन क्वेरी बिलट्रेस -ईटीएस दिलं की 'बफर साइझ' दिसतो, केबीमध्ये. इव्हेंट एका बफरमध्ये मावावा लागतो. बफर ८ किंवा १६ असेल तर ३० केबीचा इव्हेंटही गळतो, ६४ ची मर्यादा न ओलांडता. -बीएस २५६ (बफरचा आकार) द्या, -एनबी ६४ २५६ (बफरांची किमान आणि कमाल संख्या). पण बफर कितीही वाढवलात तरी इव्हेंटची ६४ केबीची हद्द हलत नाही.

कळफलक
छोटा संदेश आला. लांबी ४१,३०० च्या आसपास. बफर साइझ ८ दिसतोय. आता एक्सएमएल लिहायचा कसा?

सुकाणू
लॉगमध्ये लिहूच नका. एक्सएमएल वेगळ्या फाईलमध्ये ठेवा, लॉगमध्ये विनंतीचा आयडी, लांबी आणि फाईलचं नाव.

ओसरी
ईटीएलमध्येच हवा असेल तर तुकडे करा. एका तुकड्यात ८ हजार अक्षरं, सोबत विनंतीचा आयडी, तुकड्याचा क्रमांक आणि एकूण तुकडे. आयडी गाळू नका: अनेक थ्रेड एकाच वेळी लिहीत असतात, तुकडे एकमेकांत मिसळतात, नुसत्या क्रमांकावरून जोडता येत नाहीत. शिवाय तुकडे करण्याआधी त्या लेव्हलला 'इजएनेबल्ड' विचारा, म्हणजे सेशन बंद असताना फुकटची तोडफोड होणार नाही. अर्थात कन्सोलची लेव्हल तेवढीच उघडी असेल तर उत्तर कायम 'हो' येईल.

कळफलक
तुकडे करणारा कोड लिहिला. आता नवीन बफरने सेशन चालू करताना 'आधीच अस्तित्वात आहे' असा एरर येतो. सर्व्हिस बंद करून चालू केली तरी तोच.

उत्तररात्र
सेशन सर्व्हिसचं नसतं, कर्नलचं असतं. सर्व्हिस गेली तरी ते चालू राहतं, मशीन रीबूट होईपर्यंत. आधी लॉगमॅन स्टॉप बिलट्रेस -ईटीएस, मग स्टार्ट. जुनी ईटीएल दुसरीकडे हलवा. फाईल पुन्हा फुगू नये म्हणून -एफ बिनसर्क -मॅक्स ५१२ जोडा: ५१२ एमबी झाले की जुन्यावर नवं लिहिलं जातं.

कळफलक
चालू झालं. सहा तुकडे आले, जुळवले, एक्सएमएल अख्खा आहे. 'बफर साइझ' २५६, 'बफर्स लॉस्ट' शून्य. सगळ्यांचे आभार.