आईला स्मृतिभ्रंश होऊ नये म्हणून आत्तापासून काय करावे?

प्रश्न:
माझ्या आजीला अखेरच्या काही वर्षांत स्मृतिभ्रंश झाला होता आणि शेवटी ती आईलाही ओळखेनाशी झाली. आई आता ६८ वर्षांची आहे. तिला बरीच वर्षे उच्च रक्तदाब आहे, आणि किल्ली कोठे ठेवली हे विसरले तरी आजीचेच दुखणे आपल्याला लागले, असे वाटून ती घाबरते. त्या धास्तीने ती रोज दोन शब्दकोडी सोडवते आणि ब्राह्मीच्या गोळ्या घेते. एवढे पुरेसे आहे का, की याहून महत्त्वाचे काही आमच्याकडून राहून जात आहे?

उत्तर १:
कोडी बंद करू नका, पण त्यांच्याआधी रक्तदाबाकडे पाहा. मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांचे नुकसान वर्षानुवर्षे, कोणतेही लक्षण न दाखवता होत राहते; म्हणूनच ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी सोडणाऱ्या रुग्णांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवलेल्या गटात सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे (विस्मरण वाढते, पण रोजची कामे जमतात, अशा अवस्थेचे) प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळले. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशातील घट मात्र निःसंशय सिद्ध झाली नाही, आणि उतारवयात रक्तदाब फार उतरला तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो, त्यामुळे आईंसाठी योग्य आकडा कोणता हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावे. त्याच भेटीत साखर, एलडीएल (म्हणजे ‘वाईट’) कोलेस्टेरॉल, थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. आई शाकाहारी असतील तर बी-१२ विशेष महत्त्वाचे, कारण त्याच्या कमतरतेने होणारे विस्मरण वेळीच उपचार केल्यास बरेचदा सुधारते. ब्राह्मीने स्मृतिभ्रंश टळतो असे मात्र कोणत्याही भरवशाच्या मोठ्या चाचणीत दिसलेले नाही.

उत्तर २:
आईंना ऐकू नीट येते का? माझे वडील ७२ व्या वर्षी चारचौघांत गप्प बसू लागले, तेव्हा वयामुळे स्वभाव बदलला असे आम्ही समजत राहिलो. पुढे ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणशक्तीची तपासणी, केला तेव्हा दोन्ही कानांची श्रवणशक्ती बरीच उतरलेली निघाली. ज्याला संभाषण अर्धवट ऐकू येते तो हळूहळू बोलणे टाळतो, मग जाणे-येणे टाळतो, आणि ऐकण्यातच सारी शक्ती खर्च झाल्याने ऐकलेले लक्षात ठेवायला मेंदूकडे फारसे काही उरत नाही, असे अभ्यासक मानतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांना तीन वर्षे पाहिले. सर्वांचा एकत्र विचार करता श्रवणयंत्राने फरक पडला नाही, परंतु ज्यांना आधीपासून धोका अधिक होता त्यांच्या गटात बौद्धिक ऱ्हास ४८ टक्क्यांनी मंदावला. वडिलांना यंत्राची सवय व्हायला तीन महिने लागले, आणि या काळात घरच्यांनी धीर धरला नाही तर यंत्र कपाटातच पडून राहते.

उत्तर ३:
वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांवर दोन वर्षे झालेल्या चाचणीत आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख हे सारे एकत्र दिले गेले, आणि नुसता आरोग्यसल्ला मिळालेल्या गटापेक्षा या गटाची बौद्धिक चाचण्यांतील कामगिरी अधिक सुधारली. म्हणजे एकट्या कोड्यांवर भार टाकू नये. रोज भरभर चालणे आणि जमेल तेथे माणसांत मिसळणे त्यांच्या जोडीला हवे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे १४ धोके सांगितले आणि ते सर्व दूर झाले तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांमधील आजार टळू किंवा लांबू शकेल, असा अंदाज दिला. हा अंदाज साऱ्या समाजाविषयीचा आहे, एकेका व्यक्तीविषयीचा नाही. तेव्हा पुढे आईंना आजार झालाच, तर कोणाच्या हलगर्जीपणाने झाला असे कृपया कोणी म्हणू नये, आणि आईंना तर ते कधीच ऐकवू नये.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. आज आईशी बोलल्यावर कळले की मागील महिन्यात तिने रक्तदाबाची गोळी अकरा दिवस घेतलीच नव्हती. टीव्हीचा आवाजही गेले वर्षभर वाढतच गेला आहे, हे आता जाणवते. सोमवारी डॉक्टरांकडे आणि त्याच आठवड्यात कानाच्या तपासणीला जायचे ठरवले आहे. अहवाल हाती आले की येथेच कळवीन.