पथ्याने त्वचेला गुण आला का? आपले अनुभव लिहावेत

सोरायसिस असलेल्या माणसाला कोल्हापुरात पहिला सल्ला मिळतो तो तांबडा रस्सा सोडण्याचा, आणि सल्ला देणारा बहुधा स्वतः रश्श्याची वाटी पुढ्यात घेऊन बसलेला असतो. वांगे, मासे, दही, अंडी, आंबट, मीठ अशी ती यादी मग प्रत्येक पाहुण्यागणिक लांबत जाते. मी अनेक वर्षांपासून सोरायसिसचा रुग्ण आहे आणि या यादीतील बहुतेक पदार्थ कधी ना कधी सोडून पाहिले आहेत. सोरायसिस, एक्झिमा, जुनाट मुरूम किंवा अंगावर वारंवार उठणाऱ्या गांधी अशा चिवट विकारांसाठी ज्यांनी आहार बदलला, त्यांनी आपला अनुभव येथे सविस्तर लिहावा, ही विनंती. लिहिताना एका वेळी एकच पदार्थ सोडला होता की अनेक, त्या काळात औषध चालू होते का, आणि तो पदार्थ पुन्हा खाल्ल्यावर काय झाले, एवढे मात्र स्पष्ट करावे. हे विकार मुळातच वाढत आणि ओसरत राहतात. थंडीत भडकलेली त्वचा उन्हाळ्यात आपसूक निवळते आणि श्रेय संक्रांतीनंतर सोडलेल्या वांग्याला मिळते. औषधांची नावे लिहिण्यास हरकत नाही, मात्रा लिहू नये.

गुळाचे अडत व्यापारी, शाहूपुरी

माझा सोरायसिस टाळूपासून सुरू झाला आणि पुढे कोपर व नडगीवर उतरला. दिवसभर गादीवर बैठक, दुपारी गिऱ्हाइकासोबत मिसळ, रविवारी मटण आणि त्याच्या जोडीला मद्य, असा माझा वर्षानुवर्षांचा क्रम होता. काळी कोटी घातली की खांद्यावर खपल्यांचा पांढरा भुसा पडत असे, म्हणून मी गडद कपडे वापरणेच बंद केले होते. त्वचारोगतज्ज्ञांनी मेथोट्रेक्सेट सुरू करताना बजावले की ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, आणि ती यकृताला जड असल्यामुळे दारू पूर्ण बंद ठेवायची. रश्श्याविषयी मीच विचारले. ते म्हणाले, तिखटाने घाम फुटून खाज वाढत असेल तर कमी करा, पण चट्टे तिखटामुळे येतात असा पुरावा नाही. तुमचे वजन उतरले तर मात्र औषधाला साथ मिळेल. त्यानुसार मी रात्रीचा भात सोडला, मटणाच्या फोडी मोजक्या केल्या, रस्सा तसाच ठेवला आणि सकाळी रंकाळ्याभोवती चालू लागलो. वजन सुमारे १० टक्के उतरले, तोवर टाळू स्वच्छ झाली होती. यात औषधाचा वाटा मोठा आहे, हे मला मान्य आहे. तरीही एक निरीक्षण नोंदवतो: गेल्या लग्नसराईत वजन पुन्हा वाढले, दारूला शिवलो नव्हतो, गोळीही तीच होती, आणि नडगीवरचे चट्टे परत आले.

धागाकर्ता

आपले निरीक्षण मोलाचे आहे. अमेरिकेतील नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या वैद्यकीय मंडळाने २०१८ मध्ये आहाराविषयी ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांत सर्वाधिक भर वजन जास्त असलेल्या रुग्णांनी कमी उष्मांकाच्या आहाराने ते उतरवण्यावरच आहे. शरीरातील जास्तीची चरबी नुसती साठून राहत नाही, ती दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडत असते, आणि सोरायसिस हा मुळात दाहाचाच विकार आहे. बाकी फोडी कमी करून रस्सा राखण्याचा तोडगा कोल्हापूरबाहेर कोणाला सुचला नसता.

गृहिणी, कागल

मला हाताच्या तळव्यांचा एक्झिमा आहे. सासूबाईंच्या आग्रहाखातर वांगे वर्षभर वर्ज्य केले, औषधी मलम पूर्वीचेच होते, आणि तळव्यांना तसूभरही फरक पडला नाही. पुन्हा खाऊ लागले तेव्हाही काही झाले नाही. भांडी घासताना आत सुती आणि वर रबरी हातमोजे घालू लागल्यावर मात्र भेगा भरून आल्या.

बँक कर्मचारी, कळंबा

माझी कहाणी थोडी वेगळी आहे, कारण माझ्या आजारात आहार हाच मुख्य उपचार ठरला. कोपर, गुडघे आणि कंबरेखाली बारीक पुळ्यांचे घोस उठत आणि खाज अशी की पुळी टिकायचीच नाही, खाजवून तिची साल निघालेली असे. कितीतरी काळ खरजेचे उपचार झाले. अखेर एका तज्ज्ञांनी पुळीशेजारच्या त्वचेचा तुकडा तपासणीला पाठवला आणि निदान झाले डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस, म्हणजे सिलिअ‍ॅक आजाराचेच (यात ग्लुटेन या गव्हातील प्रथिनामुळे आतड्याला इजा होते) त्वचेवरचे रूप. ग्लुटेनमुळे शरीर जी प्रतिपिंडे तयार करते, ती यात त्वचेत जाऊन साठतात. डॅप्सोन गोळीने खाज काही दिवसांतच थांबली, पण ती सुरू करण्यापूर्वी रक्ताची तपासणी करावी लागली आणि पुढेही करावी लागते. ग्लुटेन मात्र कायमचे सुटले.

ज्वारी, नाचणी आणि तांदूळ यांवर पोसलेल्या आपल्या भागात हे सोपे जाईल, असे मला वाटले होते. भाकरी खाऊनही पुळ्या येत राहिल्या, तेव्हा लक्षात आले की गिरणीत माझी ज्वारी गव्हाच्या पाठोपाठ दळली जात होती. आता गिरणीवाल्या मामांशी ठरवून घेतले आहे: ते रात्री जाते झाडून ठेवतात आणि सकाळी गिरणी सुरू होताच पहिले दळण माझ्या तांदळाचे व मग ज्वारीचे लावतात, सुरुवातीचे शेरभर पीठ मी शेजारच्या गोठ्यात देते. दुसरा चोर सापडला हिंगात. बाजारातील बऱ्याच डबीबंद हिंगात गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो आणि तसे डबीवर बारीक अक्षरांत छापलेले असते. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करताना ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, खोबरे, तीळ, कांदा, लसूण हे सारे घरचे आणि निवडलेले, आणि वर्षभराच्या डब्याला बाधा मात्र चिमूटभर हिंगाने! यंदापासून हिंग गाळून चटणी कुटून आणली. परत खाल्ल्यावर काय झाले, असे आपण विचारले आहे. भाचीच्या लग्नात मैद्याची जिलेबी खाल्ली आणि त्याच आठवड्यात दोन्ही कोपरे पुळ्यांनी भरली.

तीन वर्षांच्या मुलाची आई, इचलकरंजी

मुलाला तान्हेपणापासून एक्झिमा आहे. घरातील मोठ्यांनी दूध, अंडी, शेंगदाणे आणि तूरडाळ एकदमच बंद केली. खाज थोडी कमी झाल्यासारखी वाटली, पण बालरोगतज्ज्ञांनी वजनाचा आलेख पुढे ठेवला, तेव्हा त्याची रेघ आडवी झालेली स्पष्ट दिसत होती. मग त्यांच्या देखरेखीखाली एकेक पदार्थ पुन्हा सुरू केला. दूध, डाळ आणि शेंगदाणे पचले. अंड्याचा घास दवाखान्यातच भरवला होता. काही मिनिटांत ओठांभोवती गांधी उठल्या, म्हणून तेवढे बंद आहे आणि पुढे पुन्हा तपासायचे आहे, कारण बऱ्याच मुलांची अंड्याची अ‍ॅलर्जी वाढत्या वयात जाते. बराच काळ बंद ठेवलेला पदार्थ घरी परस्पर देऊन पाहू नये, तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, असे त्यांनी निक्षून सांगितले. रोजचा आराम मात्र आहारापेक्षा आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावलेल्या मलमाने जास्त मिळतो.

महाविद्यालयीन विद्यार्थी, शुक्रवार पेठ

मी तालमीत जातो. गालांवर आणि पाठीवर गाठीचे मुरूम होते. वस्तादांच्या सांगण्यावरून रोज थंडाई, रात्री गंगावेशीतील कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध, आणि मित्रांचे पाहून व्हे प्रोटीनची पावडर असा माझा खुराक होता. डॉक्टरांनी अ‍ॅडापलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड लावायला दिले आणि पावडर व साखर बंद करून पाहण्यास सांगितले. दुधाचा आणि मुरुमांचा संबंध काही पाहण्यांत आढळला आहे, पण तो सर्वांना लागू पडेलच असे नाही, असे ते म्हणाले, त्यामुळे दूध मी निम्म्यावर आणले, सोडले नाही. मुरूम बरेच ओसरले आहेत. औषध आणि पथ्य एकाच वेळी सुरू झाल्यामुळे कोणाचा किती वाटा, हे मला सांगता येणार नाही. पावडर पुन्हा घेऊन पाहण्याची इच्छा आहे, पण वर्षअखेरीस बहिणीचे लग्न असल्याने आईने त्यास मनाई केली आहे.

गृहिणी, कागल

कळंब्याच्या ताई, आपले वाचून एक विचारावेसे वाटते. माझ्या भावाला सोरायसिस आहे. त्याने उद्यापासून गहू बंद करून पाहिला तर चालेल काय?

बँक कर्मचारी, कळंबा

ताई, भावांना आधी डॉक्टरांकडून सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी करून घेण्यास सांगावे आणि तोपर्यंत चपाती चालू ठेवावी. गहू आधीच सोडला तर रक्तातील प्रतिपिंडे कमी होतात आणि आजार असूनही तपासणीत तो दिसत नाही. अहवालात काही निघाले, तर गिरणीचे आणि हिंगाचे मी सविस्तर कळवीन.