अँग्रचं पेन्सिल ड्रॉइंग झूम करून बघून राहिलो, शेडिंग गेलं कुठं?

बर्डीवाला_२बी:
भाऊ, चार दिवसांपासून एकच चित्र बघून राहिलो. अँग्र म्हणजे तो फ्रेंच चित्रकार, त्याचं ‘फोरेस्तिए कुटुंब’, १८०६ चं, पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये आहे, ए४ पेक्षा जरासंच मोठं. मधे ज्युली उभी, हात वाद्याच्या पट्ट्यांवर, आजूबाजूला आईबाबा, मागे दाराशी कामवाली. फोनवर ताणून ताणून बघितलं, कपड्यांत शेडिंग जवळपास नाहीच, नुसती रेघ, तरी माणसं गोल दिसतात. मी कॉपी केली तर सगळे इस्त्री मारल्यासारखे सपाट. मऊ, गडद ६बी पेन्सिल पण लावून पाहिली. काहून होत असेल?

कूलरसमोर:
६बी ठेव बाजूला. कडक पेन्सिल घे, टोक सुईसारखं कर. आणि रेघेचा दाब बघ, बाहीच्या घडीत गडद, उजेड पडतो तिथं इतकी हलकी की तुटतेच. आपल्याला इंटरमिजिएटच्या परीक्षेपासून आउटलाइन एकसारखी फिरवायची सवय, तिथंच गोची होते. तशी कडक-मऊ ठरवून मिळणारी पेन्सिल तेव्हा नवीनच होती बरं का, युद्धामुळे इंग्लंडचं ग्राफाइट फ्रान्सला येईना म्हणून कोंते नावाच्या फ्रेंच माणसानं १७९५ मध्ये ग्राफाइटच्या भुकटीत माती मिसळून भाजली. माती जास्त तर पेन्सिल कडक.

खामल्याचा:
तुम्ही लोक भोळे आहात. तो इंग्रज चित्रकार हॉकनी म्हणतो ना, अँग्र कॅमेरा ल्युसिडा वापरायचा म्हणून. प्रिझममधून कागदावर दिसतं ते गिरवायचं, झालं.

कूलरसमोर:
ह्या चित्राला ते लागूच होत नाही. वोलॅस्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं कॅमेरा ल्युसिडाचं पेटंट घेतलं डिसेंबर १८०६ मध्ये, तेही इंग्लंडमध्ये. अँग्र हे चित्र काढून सप्टेंबरातच पॅरिस सोडून रोमला निघाला होता. नंतरच्या पोर्ट्रेट्सवर भांड हवं तर, मी येतो. ज्युलीशी त्याचं लग्न ठरलेलं होतं, पठ्ठ्या परत आलाच नाही, १८०७ मध्ये मोडलं.

खामल्याचा:
बरं, प्रिझम मागे घेतो. पण पोरीला असं टांगून ठेवलं ते काही बरं नाही केलं त्यानं.

बर्डीवाला_२बी:
रात्री कडक २एच पेन्सिल घेऊन फक्त ज्युलीची बाही काढली. टोक चारदा काढलं, वर तळव्याला घाम, कूलर लावला तर कागद उडतो, शेवटी हाताखाली कोरा कागद ठेवून बसलो. खांद्याजवळ रेघ सोडून दिली आणि काय सांगू, तिथंच हात गोल दिसून राहिला. बोटं मात्र अजून भेंड्याच आहेत.