पक्षाघातानंतर हातासाठी व्हेगस नर्व्ह इम्प्लांट: आधी, की व्यायाम वाढवून पाहिल्यानंतर? सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही ओहायोत राहतो. माझ्या पतींना (वय ५७) दीड वर्षापूर्वी मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झाला. चालणे बरेचसे सुधारले आहे, बोलणे किंचित अडखळते, परंतु उजवा हात अजून कामाला येत नाही. वाटी धरता येते, सोडता येत नाही. डाव्या हाताने एकेक बोट उलगडावे लागते.

न्यूरॉलॉजिस्टनी 'व्हिविस्टिम' हे उपकरण सुचवले आहे. ते छातीच्या त्वचेखाली बसवतात आणि त्याची तार डाव्या व्हेगस मज्जातंतूला (मेंदूपासून मानेतून खाली जाणाऱ्या नसेला) मानेत जोडतात. मेंदूला प्रत्यक्ष हात लावला जात नाही. व्यायामात हाताची हालचाल होते नेमक्या त्याच क्षणी थेरपिस्ट बटण दाबतात आणि अर्धा सेकंद विद्युत्स्पंदने जातात. घरी सराव करताना छातीवरून चुंबक फिरवायचे असते. अमेरिकेच्या औषध व वैद्यकीय उपकरण नियामक संस्थेने (एफडीए) याला २०२१ मध्ये मान्यता दिली.

त्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या याच उपकरणाच्या चाचणीत १०८ रुग्ण होते. सर्वांवर शस्त्रक्रिया झाली, सर्वांनी ६ आठवडे कसून व्यायाम केला, मात्र उपकरणाची खरी विद्युत उत्तेजना साधारण निम्म्यांनाच मिळाली. क्लिनिकमधील थेरपी संपल्यानंतर ९० दिवसांनी, जाणवण्याजोगी सुधारणा उत्तेजना मिळालेल्यांपैकी ४७ टक्क्यांत, तर इतरांपैकी २४ टक्क्यांत दिसली. माझे मन इथेच अडते. उपकरण चालू असूनही निम्म्याहून अधिक जणांना तेवढा लाभ झाला नाही, आणि जवळपास चौघांतल्या एकाला तो व्यायामानेच झाला. आमची सध्याची थेरपी आठवड्यातून एकदाच होते, तर चाचणीत आठवड्याला तीन सत्रे होती. मग आधी तेवढाच व्यायाम शस्त्रक्रियेविना करून पाहावा का? पक्षाघाताला ९ महिन्यांपासून १० वर्षांपर्यंत काळ लोटलेले रुग्ण त्या चाचणीत घेतले होते, त्यामुळे थोडे थांबल्याने संधी हातची जाईल असे वाटत नाही.

(क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये लहान मेंदूत इलेक्ट्रोड बसवून झालेल्या प्रयोगाबद्दलही वाचले. १२ पैकी ९ जणांत सुधारणा दिसली, पण तो प्रयोग अगदी छोटा होता आणि ती शस्त्रक्रिया मेंदूची. तूर्त तो विचार नाही.)

ज्यांच्या घरी हे इम्प्लांट बसवले आहे त्यांनी, किंवा कोणी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजच्या कामांसाठी हाताचा सराव करून घेणारे) येथे असतील तर त्यांनी, कृपया सांगावे: केवळ व्यायाम वाढवून बोटे उघडण्यात फरक पडलेला आपण पाहिला आहे का? इम्प्लांटनंतर आवाज घोगरा होण्याचा त्रास किती दिवस राहिला? बोलण्यासाठी आधीच धडपडणाऱ्या माणसाच्या बाबतीत मला हा प्रश्न किरकोळ वाटत नाही. विमा कंपनीची पूर्वमंजुरी मिळवताना थेरपीची कोणती नोंद मागितली गेली, हेही कळले तर बरे होईल, कारण सर्जनची पहिली भेट पुढच्या महिन्यात आहे आणि कागदपत्रे त्याआधी जमवायची आहेत.