नित्शे, नीत्शे की आणखी काही?

मूळ प्रश्न

एका अनुवादाची प्रुफं तपासते आहे. डॉ. आंबेडकरांनी 'फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम'मध्ये मनू आणि एका जर्मन तत्त्वज्ञाची सांगड घातली आहे, त्यावरचा लेख आहे. एकाच पानावर त्या तत्त्वज्ञाचं नाव तीन तऱ्हांनी आलंय: वर नित्शे, मध्ये नीत्शे आणि तळटीपेत चक्क नीत्चे. अनुवादक म्हणतात, "तुम्हाला हवं ते ठेवा, पण एकच ठेवा."

म्हणून दोन शंका. मराठीत काय लिहावं? आणि या आडनावाला मुळात काही अर्थ आहे का? म्युलर म्हणजे गिरणीवाला, श्मिट म्हणजे लोहार, इथवर माझी मजल आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद

अर्थाचं जाणकार सांगतील, मी उच्चारापुरतं बोलतो. रोमन लिपीत या नावात नऊ अक्षरं आहेत: एन, आय, ई, टी, झेड, एस, सी, एच, ई. उच्चारात निघतात जेमतेम चार ध्वनी. अनेक जर्मन माणसं ते सरळ 'नीच' आणि पुढे एक पडका, अर्धवट 'अ' असंच म्हणतात. कानाला प्रमाण मानून 'नीचे' लिहिलं तर हिंदीवाला जिन्याखाली बघेल आणि मराठीवाला विचारेल, कोण नीच? आपल्या लोकांनी 'त्श' हे अवघड जोडाक्षर पत्करलं त्यामागे हेही कारण असावं असा मला दाट संशय आहे. बाकी काळजीपूर्वक उच्चार करणारे 'नीत्-श' असंही म्हणतात, त्यामुळे 'त्श' अगदीच निराधार नाही.

गंमत अशी की मराठीत दोन्ही च आहेत. 'चाक'मधला च म्हणजे जर्मन झेड आणि 'चहा'मधला च म्हणजे त्यांचं ते चार-पाच अक्षरांचं लटांबर. पण लिपीत दोघांना एकच चिन्ह, आणि पुढे इ किंवा ए आला की आपली जीभ सहसा चहाच्या च कडे वळते. म्हणून चाकातला च हवा असेल तिथे आपण 'त्स' लिहून वेळ मारून नेतो.

प्रतिसाद

मूळ शब्दाकडे येतो. थोडं लांबेल.

या आडनावाचा बाप निकोलाउस, म्हणजे संत निकोलस. ग्रीक 'निके' म्हणजे विजय आणि 'लाओस' म्हणजे लोक. आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा हा बिशप. १०८७ साली त्याच्या अस्थी इटलीतल्या बारी गावी नेल्या आणि मग पश्चिम युरोपात त्याची भक्ती अशी फोफावली की बंदराबंदरात, बाजारपेठेत निकोलाई चर्च उभी राहिली. व्यापारी आणि खलाशी यांचा तो पाठीराखा. साहजिकच घरोघरी निकोलाउस जन्माला आले.

आता घरात कोणी पूर्ण नावानं हाक मारतं का? पांडुरंगाचा पांडू होतो, गणपतचा गण्या होतो. निकोलाउसचं तसंच झालं, फक्त प्रत्येक मुलखानं नावाचा वेगळा तुकडा उचलला. उत्तरेकडे शेपूट उचललं: क्लाउस, क्लास, आणि त्यावरून क्लाउसन हे आडनाव. सिलेशियात, म्हणजे आज बहुतेक पोलंडमध्ये असलेल्या मुलखात, त्याच शेपटाचं क्लोज झालं. जर्मनीचा फुटबॉलपटू मिरोस्लाव क्लोज जन्मला ओपोल्यात, म्हणजे त्याच सिलेशियात. मध्यभागात डोकं उचललं: निकेल. आणि पूर्व जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांताच्या आसपास डोकं उचलून त्याला स्थानिक शेपूट लावलं, त्यातून आलं हे निचे किंवा नीचे. आधी ते लाडाचं नाव होतं, पुढे आडनावं स्थिर झाली तेव्हा बापाचं लाडाचं नाव मुलांना आडनाव म्हणून चिकटलं. म्हणजे अर्थ विचाराल तर 'निकोलसच्या घरचा', एवढाच. वसई-गोव्याकडचं फर्नांडिस हे 'फर्नांदोचा मुलगा' असतं, त्याच जातीचं.

ते स्थानिक शेपूट मात्र जर्मन मुळाचं नाही. 'झाले' (Saale) नावाच्या नदीच्या पूर्वेला जुनी वस्ती स्लाव लोकांची, सोर्ब मंडळींची. बाराव्या शतकापासून जर्मन शेतकरी आणि खाणकामगार तिकडे सरकले, शेजारी-शेजारी राहू लागले. गावांची नावं तशीच राहिली, लाइपझिग, डेलित्श वगैरे. स्लाव भाषांमधला च जर्मन कारकुनांना लिहिता येईना, म्हणून त्यांनी टी-झेड-एस-सी-एच अशी अक्षरांची आगगाडी जोडली. जर्मन नावात ही आगगाडी दिसली की डोळे मिटून सॅक्सनी म्हणावं, दहातल्या नऊ वेळा बरोबर येईल (हा माझा अंदाज, हिशेब मागू नका).

आणि लाडाच्या नावाला स्लाव पद्धतीचं शेपूट लावायची सवय जर्मन भाषकांनाही जडली. फ्रीड्रिख हे नाव जर्मन म्हणजे अस्सल जर्मन, त्याचंही फ्रिट्शे झालं. पेटरचं पीच, योहानेसचं येंच. एकट्या निकोलाउसचं हे कौतुक नव्हतं.

जाता जाता: वर जे निकेल आलं ना, तेच आपलं धातूचं निकेल. सॅक्सनीतल्या खाणकामगारांना तांब्यासारखं दिसणारं एक खनिज सापडायचं. भट्टीत घातलं की तांबं शून्य, वर विषारी धूर. त्यांनी ठरवलं, हे कुणा खोडकर भुताचं, निकेलचं काम. म्हणून त्या खनिजाला कुप्फरनिकेल म्हणायचे, कुप्फर म्हणजे तांबं. १७५१ साली स्वीडनच्या क्रोनस्टेटनं त्यातून नवा धातू वेगळा काढला आणि भुताचं नाव कायम केलं. तत्त्वज्ञ आणि निकेल हे नात्यानं चुलत भाऊ लागतात.

प्रतिसाद

पण तो तत्त्वज्ञ स्वतःला पोलिश म्हणवून घ्यायचा ना? उमराव घराणं वगैरे?

प्रतिसाद (वरच्याच लेखकाचा)

हो, आणि ठणकावून. १८८८ सालच्या त्याच्या आत्मपर लिखाणात आपण शुद्ध रक्ताचे पोलिश उमराव असल्याचं सांगितलंय. घरात दंतकथाच होती: पूर्वज नीट्स्की नावाचे पोलिश सरदार, प्रॉटेस्टंट धर्मापायी देश सोडून आले, इत्यादी. आपल्याकडे 'आमचे मूळ पुरुष अमुक किल्ल्यावरून आले' असं सांगतात त्यातलाच प्रकार. वायमारच्या नीत्शे अभिलेखागारातल्या माक्स ओएलर यांनी, हे त्याच्या आईकडचे नातलग, पुढे चर्चच्या वह्या धुंडाळून वंशावळ काढली. सापडले ते सगळे जर्मन नावांचे पूर्वज. पणजोबा बिब्रा गावी जकात अधिकारी, आजोबा आयलेनबुर्गला पाद्र्यांचे वरिष्ठ, वडील रोएकेनला पाद्री. सगळी गावं लाइपझिग-नाउम्बुर्गच्या पट्ट्यातली. १५ ऑक्टोबर १८४४ ला हा जन्मला तोही रोएकेनलाच.

माझं मत विचाराल तर आडनावाच्या शेपटावरून रक्त ओळखू पाहणं हाच घोटाळा आहे. फ्रिट्शे आडनावाचा माणूस स्लाव असेलच असं नाही आणि म्युलर आडनावाचा माणूस नसेलच असंही नाही. शेपूट एवढंच सांगतं की पूर्वज कोणाच्या शेजारात राहिले. कांटचीही हीच गत. म्हातारपणी, १७९७ च्या एका पत्रात, तो आपले आजोबा स्कॉटलंडहून आल्याचं लिहून बसला. संशोधकांना माग लागला तो मेमेल भागात, म्हणजे आजच्या लिथुआनियातल्या क्लायपेडाकडे, जिथे कांटवागेन नावाचं गावच होतं. दोन थोर तत्त्वज्ञ, दोघांनाही स्वतःचं आडनाव वाचता आलं नाही.

प्रतिसाद (लाइपझिगहून)

इथे राहते म्हणून लिहिते. इथल्या इमारतींच्या दाराशी फ्लॅट नंबर नसतात, बेलच्या बटणाशेजारी आडनावाची पट्टी असते. पत्रावर आडनाव चुकलं तर पोस्टमन पत्र परत नेतो. आमच्या दाराशी दहा बटणं आहेत. पहिल्यांदा आले तेव्हा त्यातली तीन मला वाचता येईनात: एक फ्रिट्शे, एक येंच आणि एक निच्शे. तेव्हा वाटलं, अरे वा, तत्त्वज्ञाचे भाऊबंद! खालच्या मजल्यावरच्या आजींना तसं म्हटलं तर त्यांनी बोटानं पट्टीवर दाखवलं: "आय नंतर ई नाही. तो वेगळा."

त्या ई चं महत्त्व मला नंतर कळलं. जर्मनमध्ये आय-ई म्हणजे दीर्घ ई. ई नसलेलं ऱ्हस्व रूप सॅक्सनीत ढिगानं सापडतं. ई असलेलं, तत्त्वज्ञाचं, दुर्मीळ. दोन्ही एकाच मुळाची, पण १८७६ मध्ये साऱ्या जर्मन साम्राज्यात सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली आणि ज्या घराची नोंद जशी पडली तशी ती गोठली. त्याआधी पाद्रीबुवांच्या कानाला येईल ते वहीत उतरायचं. नंतर १९०१ मध्ये जर्मन शुद्धलेखन बदललं, पण आडनावांना कोणी हात लावला नाही.

आता ही आडनावं कुठे कुठे आहेत ते. जर्मन आडनावांचा एक मोठा नकाशासंग्रह आहे, कुंत्से आणि न्युब्लिंग यांच्या संपादनाखाली २००९ पासून सात खंडांत निघालेला. आधार कसला? २००५ सालच्या घरगुती टेलिफोन जोडण्यांचा, सुमारे २ कोटी ८० लाख. लोकांनी मोबाइलपायी घरचे फोन काढून टाकण्याआधीचा तो शेवटचा चांगला साठा. असा नकाशा बघताना एक पथ्य पाळावं: नुसती संख्या पाहिली तर कुठलंही आडनाव बर्लिन-हॅम्बुर्गलाच जास्त दिसतं, कारण माणसंच तिथे जास्त. दर लाख वस्तीमागे किती, ते पाहावं.

तसं पाहिलं की निच्शे हे झेडवालं रूप सॅक्सनीत गडद दिसतं आणि बाहेर जाता जाता फिकं होत जातं. झेड नसलेलं निचे मात्र पश्चिम जर्मनीतही विखुरलंय. कारण ते सिलेशियातही भरपूर होतं आणि १९४५ नंतर सिलेशिया पोलंडकडे गेल्यावर तिथले जर्मन लाखोंनी निर्वासित होऊन पश्चिमेकडे आले. नकाशावरचे ते पश्चिमेतले ठिपके म्हणजे फाळणीनंतर उल्हासनगरात सिंधी आडनावं दिसावीत तसे. आणखी एक क वालं भावंड आहे, निच्के. ते ब्रांडेनबुर्ग आणि लाउसित्सकडे.

तत्त्वज्ञाच्या स्वतःच्या घरात पुढे कोणी उरलं नाही. तो अविवाहित, धाकटा भाऊ १८५० मध्ये तान्हा असतानाच गेला. बहीण एलिझाबेथ नवऱ्याबरोबर पराग्वेत जर्मन वसाहत काढायला गेली, विधवा होऊन परतली आणि मग फोएर्स्टर-नीत्शे असं जोडआडनाव लावून भावाच्या कागदांवर बसली. १९३५ मध्ये तीही निपुत्रिक गेली. तेव्हा त्या आडनावाचा कोणी भेटला आणि 'पणतू का?' असं विचारावंसं वाटलं तर विचारू नये.

प्रतिसाद

विषयांतर, पण राहवत नाही. याच तत्त्वज्ञाचा शाळासोबती पाउल डॉयसन. मोठा वेदान्ती, २५ फेब्रुवारी १८९३ ला मुंबईत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेपुढे वेदान्तावर बोलून गेला. त्यानं आपल्या आडनावाचं संस्कृत 'देवसेन' करून घेतलं होतं. माक्स म्युलर तर 'भट्ट मोक्षमूलर' झालेच होते, गिरणीवाल्याच्या हाती थेट मोक्ष. मूळ डॉयसनमध्ये देवही नाही आणि सेनाही नाही, पण देवसेन ऐकायला किती छान! त्याच्या तत्त्वज्ञ मित्राच्या आडनावाचं कोणी असं काही केलं नाही, बरं झालं. 'नीतिशील' वगैरे झालं असतं तर त्यानं डोक्यात राख घातली असती.

प्रतिसाद

लेखनाचा मुद्दा बाजूलाच राहिला. आपल्या नियमांप्रमाणे जोडाक्षराआधीचा इकार सामान्यतः ऱ्हस्व. शिवाय शेवटचा स्वर दीर्घ असेल तर उपान्त्य इकार ऱ्हस्व: दिवा, किती, गरिबी. दोन्हीकडून नित्शेच. माझं मत नित्शे.

प्रतिसाद (लाइपझिगहून)

पण ते नियम मराठी शब्दांचे. इथे ऱ्हस्व केलं की तत्त्वज्ञाचं दुर्मीळ आडनाव आणि आमच्या दुसऱ्या मजल्यावरचं आडनाव एकच होतं! त्या एका ई वरून आजींनी मला दारात उभं करून शिकवलंय. परक्या विशेषनामात मूळ उच्चार सांभाळावा, नियम नंतर.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. तळटीपेतलं नीत्चे पहिल्या फेरीतच उडवलं. नित्शेवर आधी हिरवी खूण केली होती, ती खोडून सगळीकडे नीत्शे केलंय: नीत्शेने, नीत्शेचा, नीत्शेवादी. अनुवादकांना कळवलं. त्यांचं उत्तर आलंय: "चालेल. पण मग पान ४७ वरच्या गटेचं काय करायचं?"

त्यासाठी नवा धागा काढते.